जन्मवेळ

रविवार कारंज्याजवळच्या प्रसूतिगृहात
एकतीस वर्षं मी जन्मवेळा लिहिल्या.
भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे,
मनगटावरचं कधी मागे, कधी बंदच.
बाळ रडेना, तर पाठ चोळायची
की काटे बघायचे?
मग अंदाजानं: पहाटे तीन चाळीस.

त्या तीन चाळीसवर त्र्यंबकला शांती झाल्या,
सातपूरला कुणी लेथ घेतलं, कुणी विकलं,
एक सोयरीक मोडली म्हणे.

आमच्या शरणपुरात पत्रिका नसतात.
पण बारा वर्षांनी गुरू सिंहेत येतो
आणि अख्खं गाव त्याच्या घड्याळावर आंघोळ करतं.
मी कोण हसणारी?

काल मखमलाबादच्या पिंगळ्यांची मीनल आली.
'सिस्टर, मंगळ सातव्यात पडतोय.
पाच मिनिटं इकडेतिकडे झाली असतील का हो?'

जुनी वही काढली. अक्षर माझंच.
म्हटलं, त्या रात्री लाईट गेली होती, बाई.
तुझे वडील जिन्यात उभे,
काडी पेटवून घड्याळापाशी धरायचे,
विझली की दुसरी.
दारातून सारखं तेच: झाली का? किती वाजता?

ती गप्प. ते गेल्या पौषात गेले.

'किती काड्या, सिस्टर?'
'पेटी संपली. मग शेजारच्याची मागितली.'

पत्रिकेच्या पाठीवर तिनं काहीतरी लिहिलं.
मंगळाचं विचारायचं राहिलंच.
चहा निवला होता, तोही प्यायली.