पिवळं फडकं

सतरा उन्हाळे मी हेच केलं:
हेलिकॉप्टर यायच्या आदल्या संध्याकाळी
उतारावर चढून झेंडे रोवायचे.
लाल म्हणजे फवार.
पिवळं म्हणजे इथे हात आखडता घे.
पिवळं लागायचं दोनच ठिकाणी:
चर्चमागची दफनभूमी
आणि म्हाताऱ्या ब्लाइमबाईंच्या मधपेट्या.

खाली मोझेल वळण घेते.
वर पाटीचा काळा दगड,
उतार असा उभा
की द्राक्षं खुडणाऱ्याचा एक पाय
जन्मभर दुसऱ्यापेक्षा लांब राहावा.
डोंगर धरून ठेवलाय तो भिंतींनी.
चुना नाही, सिमेंट नाही,
दगडावर दगड आणि मधे फटी.
फटी म्हणजे मुकादमाचा आळस
असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

मग हिल्ट्रूड आली सोसायटीच्या बैठकीत,
चिखलाच्या बुटांनी,
आणि टेबलावर काडेपेटी ठेवून उघडली.
आत मेलेली अळी:
काळी मखमल, कडेनं नारिंगी ठिपके.
"अपोलोची," ती म्हणाली.
"कशानं मेली ते मला सांगता येणार नाही.
पण माझ्या भिंतीत सेडम उगवतं,
हिचं ताट तेवढंच.
आणि तुमचा फवार वाऱ्यानं
त्याच ताटात येऊन पडतो."

कुणी हसलं. कुणी घड्याळ पाहिलं.
गेर्नोट म्हणाला, "तुझ्या वेलीवर केवडा आला
तर तो बांध विचारून थांबायचा नाही."
हिल्ट्रूड म्हणाली, "नाहीच थांबायचा."
आणि बसून राहिली,
काडेपेटी मिटायला तयार नाही.

मला आठवलं, शाळेतून येताना
याच वाटेवर ती फुलपाखरं बसलेली असायची.
पांढरे पंख, वर लाल ठिपके,
जणू बाईंनी तपासून परत दिलेली वही.
शेवटचं केव्हा पाहिलं?
नाहीशा होणाऱ्या गोष्टी
तारीख टाकून जात नाहीत.

त्या वर्षी तिसरं फडकं शिवलं मी.
बायकोच्या जुन्या रेनकोटातून, घाईचे टाके.
हिल्ट्रूडच्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांवर लावलं
आणि गेर्नोटच्या खिडकीकडे न बघता उतरलो.

जुलै ओला गेला.
पानांवर तेलकट डाग, खाली पांढरी लव.
हिल्ट्रूड पाठीवर पंप घेऊन
एकेक ओळ हातानं फवारत होती,
भिंतीपासून चार पावलं राखून,
गुडघ्याला पट्टा बांधून.
निम्मं पीक गेलं.
ऑक्टोबरात तिच्याकडे खुडायला गेलो
तर दुपारीच काम संपलं.
डबा उघडला आणि काय बोलावं सुचेना.
भिंतीवर एक पाल ऊन खात होती,
आमच्याकडे पाहून
फटीत शिरली, आपल्या घरी गेल्यासारखी.

फुलपाखरू? नाही.
मला तरी दिसलं नाही.
हिल्ट्रूडला एक दिसलं म्हणते,
पण तिला चष्मा लागलाय.

एप्रिलमध्ये गेर्नोट माझ्या दारात.
आत येईना. टोपी हातात फिरवत म्हणाला,
"भिंतीलगतच्या दोन ओळी.
दोनच. उरलेल्या लाल राहू देत.
आणि हे बैठकीत काढू नकोस."
मी शिवणाचा डबा काढला.
रेनकोटाची एक बाही अजून शिल्लक होती.

फवारणीच्या सकाळी वायरलेसवर
पायलट वैतागलेला. नवा पोरगा,
सपाट मुलखातला.
"खाली पिवळी पट्टी दिसतेय.
कागदावर तर काहीच नाही तिथे.
नेमकं आहे काय?"

मी वर पाहिलं.
पंख्याच्या वाऱ्यानं सगळी पानं उलटी झाली होती.
"भिंत," मी म्हणालो.

थोडी खरखर. मग तो म्हणाला,
"भिंतीला काय होतंय?"

"फटी आहेत तिच्यात," मी म्हणालो.
"वळव."