आठ जर्सी

मी खेळाडू नव्हे. साखर पेठ संघाची कापडं धुणारा.
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
त्या पहाटे पिंपात अकरा जर्सी भिजवतो,
पाच नंबरची वेगळी, ती अजून रंग सोडते.

या खेपेला आठच आल्या.

डाग बघून मला कळतं कोण कुठे पडला.
खांद्यावर मुरूम असेल तर उडी चुकली,
पाठभर माती असेल तर कुणीतरी पाडला.
नऊ नंबरवर मात्र काहीच नव्हतं त्या दिवशी.
अमोघसिद्ध बिराजदारला कुणी शिवलंसुद्धा नाही,
एकटाच वळला, चेंडू तिकडे लांब,
आणि आवाज आला
रिकाम्या कांडीवर पाय पडावा तसा.

डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. नऊ महिने, म्हणाले.
त्याची आई म्हणाली,
नऊ महिन्यांत मी आख्खा पोरगा केला होता ओ,
तुम्हाला नुसता गुडघा होईना?

अंबादास गुंडेटी गोलात उभा राहायचा.
रात्रपाळीला टॉवेलच्या मागात दोन बोटं गेली, उजवी.
मालकानं टाक्यांचे पैसे दिले
आणि वर दोन टॉवेल.
अंबादास ते अजून वापरत नाही,
घडी तशीच आहे फळीवर.

इद्रिस नदाफची हासळी.
ती मैदानात नाही, जुन्या पुणे नाक्यावर मोडली,
मोटारसायकलवर पार्सलं घेऊन उतरताना.
दवाखान्यात शुद्धीवर येऊन पहिलं विचारलं,
लष्करशी सामना कधी?
दुसरं विचारलं, पार्सलं कुठायत?

काल चहाच्या गाड्यावर सायबण्णा सरांनी
पेपरच्या कोऱ्या कडेला हिशेब मांडला.
दहा सामने. नऊ गुण मिळाले तर गटात राहू.
रेल्वेवाल्यांशी हरणार, ते धरूनच चाला.
मजरेवाडीशी बरोबरी, नशीब असेल तर.
नई जिंदगीशी…
इथं चहा सांडला, आकडा पुसला गेला.
कुणी पुन्हा विचारला नाही.

गोलात आता श्रीहरी बोद्दुल, वय सोळा,
अंबादासचे हातमोजे त्याला कोपरापर्यंत येतात.
चेंडू आला की डोळे मिटतो.
हात मात्र बरोबर तिथंच जातात.
सर ओरडतात, डोळे उघड लेका!
मी हळूच म्हणालो, राहू द्या सर.
उघडे डोळे ठेवून आपण गेल्या वर्षी
लष्करकडून पाच खाल्ले होते.

संध्याकाळी सरावाला अमोघसिद्ध येतो.
कुबडी लिंबाला टेकवून बसतो,
चेंडूत हवा भरायचं काम मागून घेतलंय त्यानं.
भरतो, दाबून बघतो, पुन्हा थोडी सोडतो,
पुन्हा भरतो.
एवढा बरोबर फुगलेला चेंडू
आमच्याकडे कधीच नव्हता.

परवा कुंपणापलीकडे गेलेला चेंडू
कुणा पोरानं त्याच्याकडे फेकला.
बसल्या जागी चांगल्या पायानं थांबवला,
तळव्याखाली धरून ठेवला जरा वेळ.
मैदानातले सगळे बोंबलत होते, दे की, दे की!
त्यानं दिला. हातानं.

रविवारी लष्कर. ऊन आत्ताच चाळिशीला टेकलंय.
यादीत नऊ नंबरपुढं सरांनी रेघ मारली,
नाव लिहिलं नाही कुणाचं.
दहा जण उतरतील, अकरावा म्हणून
रिक्षावाला मल्लिनाथ येतो म्हणालाय,
सवारी नसली तर.

आज पाणी आलं. आठ धुतल्या, पिळल्या,
मग फडताळातून ती नऊ नंबरची काढली,
महिनाभर कुणी घातली नाही, तरी भिजवली.
विड्या वळता वळता, मान वर न करता
बायको म्हणाली,
स्वच्छच आहे की ती, पाणी जातंय उगीच.

जातंय, मी म्हणालो,
आणि दुसरी बादली लावली.