पोचपावती

घणसोलीत, गावठाण संपून सेक्टर सुरू होतो
त्या वळणावर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो,
आणि जुलै लागला की दाराला टांगलेला पुठ्ठा:
येथे रिटर्न भरून मिळेल.

माणसं आत येतात ती आवाज खाली करून,
गुप्तरोगाच्या दवाखान्यात यावं तशी.
पगाराचा आकडा बायकोला न सांगणारा माणूस
स्टुलावर बसून मला सांगतो,
तेव्हा मी स्क्रीनकडेच बघते.

महापेच्या कंपनीतला निमिष
सगळं स्वतःच भरतो, मोबाईलवर.
"दहा मिनिटांचं काम, ताई."
आणि हिवाळ्यात येतो नोटीस घेऊन,
अकराव्या मिनिटाला काय करायचं ते विचारायला.

पोळीभाजी केंद्राच्या तांडेलबाई.
कर बसला शून्य.
"मग भरायचं कशाला?" मी विचारलं.
"शून्य तर शून्य," म्हणाल्या,
"पण माझ्या नावावर लिही."

आणि हसुराम मढवी.
दोन खोल्यांचं भाडं, ठेवीचं व्याज,
एवढ्यासाठी इस्त्रीचा सदरा घालून येतात.
काखेत पिशवी, पिशवीत पन्नास वर्षांचे कागद.
ओटीपी आला. मी बटण दाबलं.
"झालं, काका. गेलं."
"कंच्या हापिसात?"
मलाही कुठे माहीत.
त्यांनी छापलेली पावती उलटी केली, सुलटी केली,
उजेडात धरली.
"यावं शिक्का नाय."
"आता लागत नाही शिक्का."

हसले. दात नसलेलं, लांबलचक.
"बाय, आमचे शेताची नोटीस आली
तिचेवर तीन शिक्के व्हते.
तीन शिक्के असून
साडेबारा टक्क्यांसाठी मना वीस वरसा फिरवला.
यावं तर एकपन नाय.
उद्या बोलतील, तू काय दिलाच नाय.
तवा काय दाखवू? तुझा कंपूटर?"

बाहेर रिक्षावाला सुट्ट्यांसाठी भांडत होता.
मी ड्रॉवर ओढला.
दुकानाचा गोल शिक्का, कुरिअरच्या पावत्यांवर मारायचा:
आई एकवीरा झेरॉक्स, गाळा नं. ४.
दाबून मारला.
काकांनी जांभळ्या शाईवर फुंकर घातली,
दोनदा,
आणि कागद पिशवीत ठेवला, जमिनीच्या कागदांशेजारी.

त्या शिक्क्याला काडीची किंमत नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
विचारलंही नाही त्यांनी. बहुतेक ठाऊक होतं.

शेवटच्या तारखेच्या रात्री
साइटवरचं चक्र गोल गोल फिरत बसलेलं,
पावणेबाराला एकदाचं गेलं.
निमिष, यंदा आधीच धास्तावलेला,
पावती हातात घेऊन उभाच राहिला.
"ताई, तो तुमचा शिक्का...
असू दे ना एक."

शाईचं पॅड वाळत आलंय.
उद्या वाशीहून नवीन आणायला हवं.