पाय कुठं आहेत

राजारामपुरी, पिठाच्या गिरणीवरचा मजला.
पहिल्या बुधवारी अर्ध्या जिन्यातनं
मी दोनदा खाली उतरलो.

इंगवले मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा.
श्वास येतोय, जातोय, एवढंच बघा.
मिटले.
तर आत आमचं शिरोलीचं शॉप, दुसरी पाळी,
प्रेस खाली येतोय
आणि दस्तगीरचा हात अजून तिथंच.
श्वास कुठला बघताय.
शर्ट पाठीला चिकटला.

वाटलं, आता म्हणतील, मन घट्ट करा.
मेव्हणा म्हणतो, तालमीतला वस्ताद म्हणतो,
गडी हायस का कोण.
त्या म्हणाल्या, उघडा डोळे.
मिटलेच पाहिजेत असं काही नाही.
पाय कुठं आहेत तेवढं सांगा.

डावा फरशीवर. फरशी गार.
खाली गिरणी चालू, म्हणून तळव्याला बारीक थरथर.
आणखी?
चपला दाराशी. एकीचा अंगठा सैल झालाय.
अंगठा म्हणालो आणि थांबलो.
त्याही थांबल्या.
खाली जोंधळ्याचं दळण उतरलं, गव्हाचं लागलं,
आवाज बदलला, तेवढा वेळ.

उजवा पाय सांगायला तिसरा बुधवार उजाडला.
पायडल त्या पायाखाली होतं.

मग रोज पाळीआधी, गेटवरच्या टपरीमागं,
पाच श्वास. कधी तीनच.
पोरं म्हणाली, साधू झालास लका,
आता वडाखाली बस.
एकदा सात झाले. त्या रात्री झोप लागली,
पुढच्या रात्री नाही.

मॅडम, तुम्हाला तरी जमतं का हो हे?
पुस्तकातली मराठी बोलणाऱ्या मॅडम
एकदम म्हणाल्या, कुठलं जमतंय!
काल बसलो, तर आमटीची आठवण आली,
उठलो की लगेच.
बसलो. उठलो.
आई असंच बोलायची, आलो, गेलो, जेवलो,
आमच्या पेठेतल्या सगळ्या बायका असंच.
मी हसलो. किती महिन्यांनी कुणास ठाऊक.
त्यांनी वहीत लिहिलंही असेल.

काल सदर बाजारात गेलो, दस्तगीरच्या दारात.
कडी वाजवायच्या आधी उभा राहिलो.
डावा पाय उंबऱ्याअलीकडं.
उजवा पण.
दोन्हीवर माझं वजन.
दार त्यानंच उघडलं, डाव्या हातानं.
माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं.
म्हणाला, अंगठा सुटलाय की रे चपलेचा,
तसाच फिरतोयस?

मी काय बोलणार.
श्वास आत आला होता,
बाहेर पडायला वेळ लावत होता.
लावू दे म्हटलं.
आतनं त्याची बायको विचारत होती,
कोण आलंय, चहा ठेवू का.