गण जुळत नाहीत

टूलांगीच्या वनखात्याच्या शेडमध्ये
कुणीतरी फळ्यावर दोन रकाने आखलेत.
डावीकडे माउंटन अ‍ॅश, शंभर हातांच्या वर कुठेतरी संपणारं.
उजवीकडे पॉसम,
मुठीत मावणारी, पाठीवर एक काळी रेघ.

पहिल्याच ओळीत सृष्टी फाटते: वनस्पती, प्राणी.
मग वर्ग. तिच्यापुढे कंसात 'शिशुधान'.
मग गण.
त्याचा जांभळाचा,
तिचा पुढे आलेल्या दोन दातांचा.
पत्रिका मांडून बसलेला गुरुजी
इथेच पंचांग मिटून उठला असता.

त्याचं कुळ गोतावळ्याचं:
पेरू, लवंग, सगळे भाऊबंद.
नावाचा लॅटिन अर्थ 'राज्य करणारा'.
ती तिच्या प्रजातीत एकटीच,
आणि आडनाव मिळालंय
मेलेल्या जनावरांत भुसा भरणाऱ्या एका माणसाचं.

शेवटची ओळ, स्थिती.
झाड: चिंता नसावी.
पॉसम: अतिसंकटग्रस्त.
इथे खडू मोडलेला दिसतो.

ग्लेनिस ट्रेव्हेलानं फळ्याकडे पाहिलंही नाही.
तीस वर्षं लाकूडकाट्यावर
ओंडक्यांच्या पावत्या फाडल्या तिनं.
आता सत्त्याहत्तराव्या वर्षी
घडीची खुर्ची घेऊन शुक्रवारी संध्याकाळी येते,
एका मेलेल्या झाडाखाली बसते,
मान वर, थर्मास गुडघ्यांत.
अंधारताना ढोलीतून किती जणी निघतात,
मोजायचं एवढंच.

मी म्हटलं, पण झाडाची तर चिंता नाही.
"झाडं रग्गड आहेत," ती म्हणाली,
"आगीनंतर उगवलेली, एका वयाची,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी.
ढोली पडायला दीडशे वर्षं लागतात, बाळा.
म्हातारं व्हावं लागतं. एखादी फांदी गमवावी लागते.
आतून कुजावं लागतं.
तेवढं जगू कुठं दिलं आम्ही?"

फळ्यावर वयाचा रकाना नव्हता.
कुजण्याचाही.
आणि समोरचं हे झाड मेलेलं,
म्हणजे ते कुठल्याच रकान्यात नाही.

मार्चअखेर. सात बावीस.
ढोलीच्या काळ्यातून थोडं अधिक काळं सुटलं,
शेपूट टोकाशी रुंद,
आणि फांदीवर काहीच उरलं नाही.

ग्लेनिसनं पेन्सिल जिभेवर ओली केली.
१ लिहिला.
चहा निवत होता,
थर्मासचं झाकण वाजेल म्हणून
तिनं तो ओतला नाही.