फटीचं माप

शारजात ऑगस्ट. गोदामाचा पत्रा असा तापलाय
की कबुतरं त्यावर पाय बदलत उभी.
आणि खल्फानसाहेब मोबाइल पुढे करतात:
जॉर्जियातला डोंगर, त्यांनी घेतलेलं घर,
दाराशी कमरेएवढं पांढरं.
"इथे ओटा हवा. लाकडी, रुंद,
बसून चहा पिता येईल असा.
कुठली फळी, ते तुम्ही सांगा."

मी सांगायचं.
मी बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या रंध्याखाली,
नाहीतर पापलेटच्या पोटाशी.

सागाचं नाव काढलं तर तातू मेस्त्री हसला.
अजमानच्या खाडीवर गलबतं जोडून
त्याचे पंजे वल्ह्यांसारखे झालेत.
"साग दर्याचो. तेका पाणी कळता.
पाण्याचो धोंडो झालो तर कळात काय,
देवाक ठावक."

मग जोमोनच्या शीतगृहात,
सुरमईच्या खोक्यांमागे, उणे अठरात,
आम्ही फळ्या उभ्या केल्या. चार.
संध्याकाळी भिजवायच्या, रात्री गोठवायच्या,
दुपारी बाहेर काढून पंचेचाळीसच्या उन्हात आडव्या.
नऊ दिवस हा छळ.
जोमोन म्हणाला, मासेसुद्धा एकदाच मरतात.

सागाच्या टोकाला केसाएवढी चीर गेली.
भट्टीत भाजलेलं पाइन पाणी पीत नव्हतं,
पण फावड्याच्या एका घासणीत त्याची ढलपी उडाली.
ॲल्युमिनियमला जोमोनचा ओला हात चिकटला,
त्याची कातडी आमच्याआधी निकाल सांगून गेली.
उरली भुसा आणि प्लास्टिक मळून केलेली फळी,
तपकिरी, जरा खोटी दिसणारी,
जिला तातू पहिल्या दिवसापासून "चपाती" म्हणतो.
ती तडकली नाही, फुगली नाही.
फक्त आखडली.
बारा फुटांत नऊ मिलिमीटर.

तातूनं चपला काढल्या,
गोठलेल्या चपातीवर अनवाणी उभा राहिला,
एक पाय पुढे, मग दुसरा, नमन धरल्यासारखा.
"निसरत नाय," म्हणाला. दात वाजत होते.

मी साहेबांसाठी कागद लिहिला:
फावडं प्लास्टिकचं घ्या, फळीच्या लांबीनं ओढा.
दोन फळ्यांमध्ये अर्धं बोट जागा,
वितळलेलं खाली पडू द्या.
टोकाची फट त्या दिवशीच्या हवेवर ठरवा:
थंडीत ठोकाल तर जास्त सोडा,
उन्हाळ्यात ती वाढून जागा मागेल.

तातूला एवढ्यावर समाधान नाही.
देवगडच्या घराचं दार त्यानं एकदा इथूनच करून धाडलं होतं,
इथल्या कोरड्या हवेत रंधलेलं, चौकटीत चपखल.
आषाढात ते फुगलं.
तीन महिने बायको मागच्या दारानं ये-जा करत होती,
आणि फोनवर त्याबद्दल
एक शब्द बोलली नाही.

म्हणून आता प्रत्येक फळी तो उलटी करतो,
कानामागची पेन्सिल काढतो,
आणि खालच्या अंगाला, जिथे चहा पिणारा कोणी बघणार नाही,
लिहितो: शारजा. दुपार. पंचेचाळीस.

कंटेनर सोमवारी गेला.
नमुन्याची बारा फुटी अजून माझ्या टेबलामागे आहे.
सुरमईचा वास
काही केल्या जात नाही तिचा.