डावं दार

रबाळ्याच्या गाळ्यात शटर अर्धं ओढून
मी डावं दार सतराव्यांदा लावतो.
वरच्या बिजागरीला दोन वॉशर, खालच्या बिजागरीला एक.
पुढची फट जुळते, तर मागून पोट काढतं.
मागून दाबून बसवलं, की पुढून नाक वर,
पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं.

एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली मी.
लोखंडाला दहा मायक्रॉन म्हटलं
की ते दहाच मायक्रॉन सरकायचं, उलट बोलायचं नाही.
हे फायबर.
कुणीतरी साच्यातून घाईनं उपसलं असणार,
पुरतं आवळून यायच्या आधी भिंतीला टेकवलं असणार,
आणि ती टेकण याच्या अंगात राहून गेली.
सकाळी एक दार असतं,
दुपारी छपराचे पत्रे तापले की दुसरंच.

शिवाय खाज.
ग्राइंडर फिरवला की मनगटापासून कोपरापर्यंत काचेचं कुसळ.
रात्री खोबरेल चोळत बाल्कनीत बसतो तेव्हा
सुलभा म्हणते, दार लागत नसेल
तर होडी करा तिची. खाडी काय लांब नाही.

होडीवरून हसुराम आठवला.
ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातला. आधी सागाच्या,
आता फायबरच्या होड्यांचे तळ सांधतो.
आला. चपला बाहेर काढल्या.
गाडीभोवती एक फेरी मारली, दाराला हातसुद्धा लावला नाही.
"दिवा हाय का?"
मी हॅलोजन दिला. त्यानं तो सीटच्या जागी ठेवला,
शटर पार जमिनीला टेकवलं, ट्यूब बंद केली.

काळोखात माझ्या गाडीचं दार
नुसत्या उजेडाच्या रेघेनं काढलेलं.
बिजागरीकडे दोऱ्याएवढी,
छताशी पेन्सिलीएवढी,
आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात
करंगळी जाईल एवढी, भसाभस सांडणारी.

"दार बराबर हाय," हसुराम म्हणाला,
"भोकच वाकरं हाय."

मग बॉडीचे मागचे बोल्ट ढिले केले.
चॅसी आणि बॉडीच्या मध्ये त्यानं पहार घातली,
मी बाहेरून रेघ बघत उभा.
अजून. अजून जरा.
कोपऱ्यातला उजेड अरुंद होत होत
बाकीच्या रेघेएवढा झाला.
बस.
चार मिलिमीटर. तेवढ्या जाडीची पट्टी
माझ्याच भंगाराच्या डब्यात पडून होती.

वॉशर काढून घेतले, सगळे.
तळहातावर मावेनात.

आणि मला ढोणे आठवला, मोरेश्वर ढोणे,
एकोणनव्वद सालचा अप्रेंटिस.
त्याच्या शाफ्टला टेपर यायचा, रोज.
मी लाल खडूनं फुली मारून ट्रेमध्ये टाकायचो
आणि चारचौघांत विचारायचो, हात आहेत की पाय?
गटारीलगतचा कोपऱ्यातला लेथ होता त्याचा.
त्याच्या पायावर स्पिरिट लेव्हल ठेवून
कधी बघितलं नाही मी.
सहा महिन्यांत गेला तो. नाशिकला म्हणे,
नक्की कुणाला ठाऊक नव्हतं.

हसुरामनं पैसे घेतले नाहीत.
उरलेलं रेझिन दे म्हणाला, तसंही तुझ्याकडे घट्ट होऊन जाईल.
डबा काखेत मारून गेला.

मी दार उघडलं, लावलं.
लोखंडाचा तो भरीव ठप्प आवाज नाही.
पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण बसावं तसं काहीतरी.
पण लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.
शेजारच्या गाळ्यातला वेल्डर
काय झालं बघायला आला आणि निघून गेला.

उजवं दार अजून भिंतीला टेकून होतं,
तीन आठवडे.
शटर ओढायच्या आधी त्याला दोन्ही हातांनी उचललं
आणि जुन्या गादीवर आडवं ठेवलं.
कोपरापर्यंत खाज सुटली होती.